सुंठीवाचून गेलेला खोकला

आपोआप सुधारलेला रेडिओ बाबांना अजिबात आवडायचा नाही. साताऱ्यात राजवाड्याजवळ त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आठ बाय दहाचं. गिऱ्हाईक मर्फी नाहीतर बुश कवेत धरून यायचं, "मधेच बंद पडतो बघा" म्हणायचं, बाबा प्लग लावायचे आणि सेट खणखणीत वाजायला लागायचा. गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं. "घरी खरंच बंद होता हो, शप्पथ." बाबा म्हणायचे, "ठेवून जा." मग आठ-दहा दिवस तो सेट दुकानाच्या कोपऱ्यात नुसता वाजत असायचा. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक डोकावायचं. "झाला की! द्या." बाबा द्यायचे नाहीत. "झालेला नाही. सुंठीवाचून गेलेला खोकला आहे हा. जरा बाहेर गेलाय, येईल परत."

म्हणीचा खरा अर्थ वेगळा आहे, हे मला पाचवीत कळलं. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर मी लिहिलं होतं, 'सुंठीवाचून खोकला गेल्यामुळे बाबांनी सेट परत दिला नाही.' बाईंनी वाक्यावर लाल रेघ मारली. माझं वाक्य बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं.

पॉलिटेक्निकमधली नोकरी संपल्यावर मी पुण्यातल्या घरी, मागच्या खोलीत, बाबांचंच काम हौस म्हणून सुरू केलं. लोकांच्या आजोबांचे व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करून देते. पैसे कंडेन्सरचे तेवढे घेते. ओळखीचे एक काका जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. ते घर बदलताना म्हणाले, "माझा सिग्नल जनरेटर घेऊन जा, नव्या फ्लॅटमध्ये सून ठेवू देणार नाही." रेडिओ तपासायला हवा तो सिग्नल बनवून देणारं, १९७०च्या दशकातलं अमेरिकन बनावटीचं यंत्र. वजन वीस किलोच्या आसपास. काकांनी आणि मी मिळून ते रिक्षात चढवलं, तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "इन्व्हर्टर आहे काय मॅडम?" मी हो म्हटलं. खरं काय ते सांगायला कोथरूड येईपर्यंतचा वेळ पुरला नसता.

बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पन्नास वर्षं चाललेल्या यंत्राबद्दल त्यांच्याकडे तक्रार करण्यात अर्थ नाही, आणि पुढे जे घडलं त्यात माझाही हात होता. पण यंत्र कसं आहे ते सांगायला हवं. आत जाड धातूतून कोरलेली एक पोकळी आहे आणि तिच्यात पुढे-मागे सरकणारा दांडा. बासरीत जसा हवेचा स्तंभ लांब-आखूड केला की स्वर बदलतो, तसा दांडा सरकला की कंपनसंख्या बदलते. ही पोकळी साधारण २३० ते ५५० मेगाहर्ट्झच्या मधेच गाते. त्याहून खालचं काही हवं असेल तर तिचा स्वर निम्मा, त्याचा निम्मा, असा करत खाली आणायचा. रेडिओवाल्यांची रोजची ४५५ किलोहर्ट्झ, म्हणजे आयएफ (कुठलंही स्टेशन लावलं तरी रेडिओ त्याचा सिग्नल आत ज्या एकाच कंपनसंख्येवर आणतो ती), काढायची तर पोकळी २३२.९६ मेगाहर्ट्झवर लावायची आणि नऊ वेळा निम्मी करायची. डायलच्या अगदी टोकाला, पण मिळते. आजकाल चिपवर चालणारा छोटासा जनरेटर हजार-दोन हजारांत मिळतो, मग हे धूड कशाला, असं मला विद्यार्थी विचारतात. त्या छोट्याच्या स्वराभोवती धुरळा फार असतो. याचा स्वर पहाटेच्या तंबोऱ्यासारखा आहे. शिवाय नॉब. नॉब फिरवताना हाताला जात्याचा जडपणा लागतो, ते सुख वेगळंच.

आणि उजवीकडे अटेन्युएटर. खट् खट् आवाज करत दहा-दहा डेसिबलने सिग्नल खाली नेतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. पन्नास ओहमवर एक मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे १०७ डीबीएम, एका मिलिवॉटचा पाच हजार कोटीवा हिस्सा. चांगल्या रिसीव्हरला तेवढंही ऐकू येतं. बाबांकडे असं काही नव्हतं. ते आकाशवाणी पुण्याचं ७९२ लावायचे, कान लावायचे आणि ट्रिमर फिरवायचे. मी मात्र आकड्यांवर विसंबून काम करायला शिकले, शिकवलंही तेच.

तर गेल्या एप्रिलमध्ये एका मर्फीचं आयएफ अलाइनमेंट करत होते, म्हणजे त्याचे आयएफचे टप्पे नेमके ४५५वर जुळवत होते. जनरेटर ४५५वर, आउटपुट मीटर बऱ्यापैकी वर. कुकरची शिटी झाली म्हणून उठले, वरण-भात उतरवला, आईला पान वाढलं, परत आले. मीटर खाली. बसले, पंखा लावला आणि आयएफटीचा, म्हणजे आयएफच्या गुंडाळीचा, स्लग (आतला फिरवायचा गाभा) फिरवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, काही नाही. दहा-बारा मिनिटं झाली असतील. अर्धा फेरा उजवीकडे दिला आणि मीटर एकदम उसळलं. सापडलं! मग हीच गत दुसऱ्या आयएफटीची करून ठेवली. तीन दिवसांत मी त्या गरीब मर्फीचं उत्तम लागलेलं अलाइनमेंट पार बिघडवलं, आणि शेवटी एका स्लगचं टोक फोडलं. जुना फेराइटचा स्लग एकदा फुटला की तो काढताना काय काय ऐकवतो, हे ज्याने काढलाय त्यालाच माहीत.

रेडिओ दोषी नाही हे मला चौथ्या दिवशी कळलं, तेही योगायोगाने. जनरेटरची वायर सरळ स्कोपला, सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, लावून ठेवली होती. आईला औषध देऊन आले, तर पडद्यावर सपाट रेघ. पंखा लावला, चष्मा शोधला, खुर्ची ओढली, प्रोब हलवून पाहिला. थोड्या वेळाने लाट परत हजर, जशी काही मधे गेलीच नव्हती. ज्या पट्टीने मी सगळ्यांना मोजत होते, तीच आखडत होती.

यानंतरचे पंधरा दिवस मी जे केलं, ते माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने केलं असतं तर त्याला प्रॅक्टिकलला नापास केलं असतं.

झाकण उघडलं. झाकण उघडल्यावर यंत्र एकदाही बिघडलं नाही. दिवसभर चालू ठेवलं, लाकडी चमच्याने जागोजागी टकटक केलं, सगळे बोर्ड दाबून पाहिले, पॉवर सप्लायच्या प्रत्येक रेलवर मल्टिमीटर टेकवला. सगळं जागच्या जागी. लहान मुलाचा ताप डॉक्टरांच्या पायरीवर उतरतो ना, तसं. मग हातात काहीतरी घेतल्याशिवाय राहवेना, म्हणून कॉन्टॅक्ट क्लीनरची नवी बाटली आणली आणि दिसेल तो स्विच धुतला. सगळे कनेक्टर काढून परत बसवले. एक सोल्डर जरा फिकट दिसत होता, तोही तापवून घेतला. पॉवर सप्लायचा एक कपॅसिटर संशयित वाटला, तो बदलला. झाकण लावलं. नऊ दिवस यंत्र उत्तम चाललं.

नऊ दिवसांनी परत पडलं. त्या क्षणी मला राग आला तो यंत्राचा नाही. समजा पडलं नसतं, तर नऊचे नव्वद दिवस झाले असते आणि मी छातीठोकपणे सांगितलं असतं की कपॅसिटर होता. किंवा सोल्डर होता. की स्विच? चार गोष्टी एका बैठकीत केल्यावर कुठलीच केली असं म्हणता येत नाही. दुरुस्तीच्या धंद्यात असे किती 'कपॅसिटर होता' सुखाने नांदत असतील कोण जाणे. आणि ते नऊ दिवस का चाललं? त्याचं उत्तर नंतर मिळालं, आणि ते फार लाजिरवाणं निघालं. त्या नऊ दिवसांत माझी भाची राहायला आली होती आणि त्याच खोलीत तिचा अभ्यास चालायचा.

एवढं झाल्यावर सुचलं, की मी खोलीत नसताना काय होतं ते बघायला कोणीतरी बसवलं पाहिजे. मी नाही, दुसरं कोणीतरी, ज्याला घाईही नाही आणि मतही नाही.

एडी८३०७ नावाची एक चिमुकली आयसी आहे. तिच्यात सिग्नल सोडला की तो किती डेसिबल आहे त्या हिशोबात ती व्होल्टेज देते, दर डेसिबलला २५ मिलिव्होल्ट. पार ५०० मेगाहर्ट्झपर्यंत चालते आणि ९२ डेसिबलचा पल्ला झेपवते. तिला पत्र्याच्या डबीत बसवलं, पुढे एक आर्डुइनो, छोटे प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड, लावला. त्याची एक पायरी पाच व्होल्टवर ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे साधारण ०.२ डेसिबल. आपल्याला पुष्कळ झालं. एक पिन रिकामी दिसली म्हणून तिच्यावर एक एलएम३५, तापमान मोजणारं तीन पायांचं बटण, लावून दिलं आणि ते झाकणाच्या जाळीतून आत सोडलं. खरं सांगायचं तर पिन रिकामी होती एवढंच त्यामागचं कारण. दर दहा सेकंदांनी एक ओळ: वेळ, डेसिबल, तापमान. लॅपटॉप जोडून ठेवला आणि मी झोपले.

सकाळी आलेख काढला. डेसिबलची रेघ भिंतीसारखी सरळ, मग कडा तुटल्यासारखी खाली, मग थेट सकाळीच वर. तापमानाची रेघ तिच्या शेजारी होती म्हणून बरं. ४७ अंश ओलांडले की सिग्नल पडतो, ४५च्या खाली आलं की परत येतो. आणि तापमान कधी चढतं? रात्री ११:१०ला चढायला लागतं. पावणेबाराला ४७. सकाळी ६:५०ला उतरायला लागतं. मी त्या वेळांकडे बघत बसले. ११:१०ला मी झोपायला गेले होते. ६:५०ला मी खोलीत आले होते. म्हणजे हे यंत्र मला बघून बरं होत होतं?

आई दारात उभी होती. मी चहा घ्यायला म्हणून उठले, दाराशी गेले आणि हात सवयीने बटणावर गेला. खट्. पंखा बंद.

खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायचा, हे आमच्यावर जन्मापासून कोरलेलं आहे. लाइटबिलाच्या भीतीने आईने ते शिकवलं आणि आता बिलाची भीती गेली तरी हात जातोच. मी खोलीत शिरले की पंखा लावायचे, वारा थेट टेबलावर, यंत्राचं झाकण गार. बाहेर पडले की पंखा बंद, मेचा उन्हाळा, आत भट्टी. मी पहारा देत होते तेव्हा मीच त्याला वारा घालत होते. भाचीच्या अभ्यासाचे नऊ दिवसही असेच गेले. पोरगी पंखा पाचवर ठेवून झोपायचीसुद्धा तिथेच.

यावरून एक गोष्ट आठवली. नारायणगावाजवळ खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात. तिथल्या गर्दीत एकदा ऐकलेली गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटरच्या दुर्बिणीला १९९८पासून मधूनच विचित्र क्षणिक सिग्नल सापडायचे. दूरच्या अवकाशातून आल्यासारखे दिसायचे, पण आकाशाच्या एकाच कोपऱ्यातून येत नव्हते. २०११मध्ये त्यावर लेख आला, नाव पडलं पेरिटॉन. वाद वाढला, कारण २००७मध्ये त्याच दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत एक खरोखरचा दूरचा स्फोट सापडला होता आणि लोक त्याच्याकडेही संशयाने बघायला लागले. पेरिटॉन बहुतेक कामाच्या वेळातच यायचे. २०१५मध्ये उलगडा झाला. तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन. वेळ संपायच्या आत कोणीतरी दार ओढून उघडायचं, आणि आतला लहरी बनवणारा मॅग्नेट्रॉन बंद होता होता एक क्षणिक किंकाळी मारायचा. सतरा वर्षं! खगोलशास्त्रज्ञांच्या जेवणाच्या सुट्टीची नोंद होत होती. ऐकलं तेव्हा मी खूप हसले होते. पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभी असताना तेवढं हसू आलं नाही.

असो. कधी बिघडतं ते कळलं. कुठे, ते बाकी होतं.

इथे मला आधीच दिसायला हवी होती अशी एक खूण यंत्राच्या तोंडावरच होती. जनरेटरच्या पुढच्या बाजूला पातळी दाखवणारी एक सुई आहे. सिग्नल पडतो तेव्हाही ती सुई जागची हलत नव्हती. पहिले काही दिवस मला वाटलं, सुई अडकली असेल. सुई खरं बोलत होती. ती सिग्नल मोजते तो अटेन्युएटरच्या आधी, आणि आधी सगळं ठीकच होतं. मी ज्या पॉवर सप्लायशी, बोर्डांशी, सोल्डरशी पंधरा दिवस मारामारी केली, ते सगळे सुईच्या अलीकडचे, निर्दोष. तिच्या पलीकडे उरतं काय? अटेन्युएटर, एक ताठ तांब्याची केबल आणि बाहेरचा कनेक्टर. अटेन्युएटर मी कधी तपासलाच नव्हता, कारण त्यात ना ट्रान्झिस्टर ना आयसी. नुसत्या पत्त्या आणि रोध. आम्हा शिकलेल्या माणसांना नुसत्या पत्तीत दोष असू शकतो हे पटायला वेळ लागतो.

मग एका दुपारी मी मुद्दाम तयारीने बसले. पंखा बंद, झाकण बंद, खांद्यावर नॅपकिन, ताकाचा तांब्या. पाऊण तासाने सिग्नल पडला. आता अटेन्युएटरला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही. फक्त कंपनसंख्या बदलायची आणि प्रत्येक ठिकाणी नेहमीपेक्षा किती डेसिबल कमी मिळतात ते लिहायचं. रेंजचा नॉब श्वास रोखून फिरवला. ४५५ किलोहर्ट्झला जवळजवळ ७० कमी, माझ्या मीटरच्या तळाशी. १०.७ मेगाहर्ट्झला ४३ कमी. १४४ला २१. आणि ४३२ मेगाहर्ट्झला फक्त १२.

हे चार आकडे लाइटबिलाच्या पाठीवर एकाखाली एक लिहिले आणि घाम पुसायचंही विसरले.

तुटलेली वायर सगळ्यांना सारखंच अडवत नाही. दोन धातू एकमेकांजवळ आले पण टेकले नाहीत, तर ती जोडी कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, होते. हळू कंपनं तिला पार करू शकत नाहीत, वेगवान उडी मारून जातात. माझे आकडे नेमके तसे उतरत होते. उलटं गणित केलं. पन्नास ओहम इकडचे, पन्नास तिकडचे, मधे किती पिकोफॅरडचा कंडेन्सर घातला तर १४४ मेगाहर्ट्झला २१ डेसिबल जातील? एक. ४३२ला त्याच एका पिकोफॅरडने बारा जायला हवेत, आणि गेले होते. ४५५ किलोहर्ट्झला एकाहत्तर यायला हवेत.

आता एक पिकोफॅरड म्हणजे किती फट? कॉन्टॅक्टच्या पत्तीचं टोक ढोबळ मानाने एक चौरस मिलिमीटर धरलं, तर फट येते दहा मायक्रॉनच्या आतबाहेर. कडेकडेने जाणारं विद्युतक्षेत्र वगैरे धरलं तर आकडा हलेल, पण मला तेवढ्या बारकाईची गरज नव्हती. डोक्याचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. केसाच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढी फट एका बंद डब्यात, बंद झाकणाखाली होती, मी तिला पाहिलं नव्हतं, आणि तिचं माप माझ्या लाइटबिलावर होतं. चाळीस वर्षांत मुलांना हे सूत्र मी किती वेळा फळ्यावर लिहून दिलं असेल. ते असं अंगावर येतं हे माहीत नव्हतं.

उरलं एवढंच, की कुठली पत्ती. अटेन्युएटरच्या आत दहा, वीस, चाळीस, साठ असे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात दोन वाटा: एक रोधांमधून, एक सरळ. तीस हवे असतील तर दहाचा आणि वीसचा कप्पा रोधांतून, बाकीचे सरळ. म्हणून पाच रात्री लावल्या. पहिल्या रात्री शून्यावर ठेवला, सिग्नल पडला. दहावर ठेवला, रात्रभर ठणठणीत. वीसला पडला. तीसला ठणठणीत. चाळीसला पडला. शून्य, वीस, चाळीस या तिन्हींत सामाईक आणि दहा-तीसमध्ये नसलेली वाट एकच: दहाच्या कप्प्यातली सरळ. सकाळी पाचवा आलेख बघितला तेव्हा मी आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे रोज एक डाळ सोडून बघायची, पोट कशाने बिघडतं ते." इतक्या कमी शब्दांत मला ते वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

अटेन्युएटर बाहेर काढला. बारा स्क्रू. झाकण निघाल्यावर आतली कारागिरी बघून दोन मिनिटं नुसती बसले. सोन्याचा मुलामा दिलेल्या नखाएवढ्या पत्त्या, प्रत्येकीच्या पाठीवर एक प्लास्टिकची खुंटी, आणि नॉब फिरला की कॅम, उंचवटे असलेलं चाक, त्या खुंट्या दाबतो. दहाच्या कप्प्यातली सरळ वाटेची पत्ती भिंगाखाली धरली. पत्ती झकास. तिच्यावरची खुंटी मात्र डोक्यापासून अर्ध्यापर्यंत उभी चिरलेली, कोरड्या पडलेल्या बोटाला भेग पडावी तशी. गार असताना भेग मिटते, खुंटी ताठ उभी राहते, पत्ती दाबली जाते. तापलं की भेग उघडते, डोकं कलतं आणि पत्ती दहा मायक्रॉन उचलली जाते. मी जो कॉन्टॅक्ट क्लीनर उधळला होता त्याचा चिकट ओघळ खुंटीच्या बुडाशी दिसत होता. भेग त्याच्यामुळे पडली नसेल, पण बरी तर नक्कीच झाली नसेल. माझा हात होता म्हटलं ते याच अर्थाने.

नवी खुंटी नायलॉनची करू नका, असं काकांनी फोनवर बजावलं. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, पावसाळ्यात वेगळीच पीडा. भोसरीत एका लेथवाल्याकडे डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकचा दांडा होता. "केवढा पीस?" म्हणाला. मी माप सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, "ताई, एवढं काढायला मला चिमट्यानंच धरावं लागेल," म्हणाला, आणि चार काढून दिल्या. तीन राखीव. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

खुंटी बसवली, अटेन्युएटर जोडला, झाकण लावलं, पंखा बंद केला आणि चार दिवस यंत्र चालत ठेवलं. आत ५२ अंशांपर्यंत गेलं. रेघ सरळ.

पण बाबांच्या हिशोबाने हे पुरेसं नव्हतं. ते म्हणायचे, रोग परत आणता आला तरच तू तो घालवलास. म्हणून पाचव्या दिवशी मी पुन्हा बारा स्क्रू काढले आणि जुनी, चिरलेली खुंटी परत घातली. झाकण, पंखा बंद, ताक. छत्तीस मिनिटं. अडतीस. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला रेघ कोसळली आणि मी "हो!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून आली.

"काय फुटलं?"

"काही नाही गं, बिघडला!"

"मग एवढा आनंद?"

परत नवी खुंटी घातली. जुनी एका डबीत ठेवली आहे, तारीख घालून. मर्फीला नवा स्लग मिळाला, अलाइनमेंट पंखा बंद ठेवून घामाघूम होऊन केलं आणि मालकांना फोन केला. ते आज संध्याकाळी येणार आहेत.

लॉगर, म्हणजे ती नोंदी ठेवणारी डबी, मात्र काढलेला नाही. काल रात्री ३:१०ला रेघेवर ०.६ डेसिबलची एक खाच दिसते आहे. फक्त एका नोंदीपुरती, दहा सेकंद. तेव्हा तापमान ३९. पुढे सकाळपर्यंत काही नाही. लाइटचा झटका असेल, लॅपटॉपची खोडी असेल, फ्रिज सुरू झाला असेल. फ्रिज केव्हा केव्हा सुरू होतो हे टिपायला आर्डुइनोवर अजून एक पिन रिकामी आहे. मर्फीच्या मालकांना काय सांगायचं याचा मी विचार करते आहे. बहुतेक म्हणेन, अजून आठ दिवस ठेवून जा.